नवा मुख्य प्रशिक्षक आणि हंगामारंभीच्या अपेक्षा (अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेत विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला नवा मुख्य प्रशिक्षक मिळाला, की पहिला सामना होण्याआधीच चाहत्यांच्या आशा उंचावतात. सप्टेंबरमधल्या पहिल्या तीन-चार सामन्यांत त्या आणखी चढतात किंवा कोसळतात. या आशा हा तिथल्या क्रीडासंस्कृतीचा महत्त्वाचा भाग आहे.

नेमणूक बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते आणि हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो. मधले आठ-नऊ महिने खरा सामना नसतो. त्या काळात खेळाडूंच्या भरतीच्या बातम्या आणि वसंत ऋतूतला सराव सामना यांवरच चाहते भागवतात. 2007 मध्ये निक सेबन अलाबामा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा केवळ सराव सामना पाहायला 92 हजारांहून अधिक लोक जमले होते.

नियमित हंगाम 12 सामन्यांचा असल्यामुळे एकेक निकाल जड पडतो. चाहते वेळापत्रक समोर ठेवून कोणते सामने खिशात आणि कोणते अवघड, याचा हिशेब मांडतात. त्यात एक अडचण असते. मोठी विद्यापीठे सुरुवातीला अनेकदा छोट्या विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात, त्यामुळे पहिल्या विजयांवरून प्रशिक्षकाची पारख होत नाही. 2007 च्या हंगामात सेबन यांच्या संघाने वेस्टर्न कॅरोलायनाला 52-6 असे हरवून सलग तीन सामने जिंकले, पण नोव्हेंबरमध्ये लुइझियाना-मनरोसारख्या दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाकडून घरच्या मैदानावर 21-14 अशी हार पत्करली. नियमित हंगामानंतरचा एक सामना धरून हंगाम 7-6 वर, म्हणजे सात विजय आणि सहा पराभवांवर, संपला. दोन वर्षांनी हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला.

सर्वांत बोलके उदाहरण कोलोरॅडोचे. 2022 मध्ये त्या संघाने 12 पैकी एकच सामना जिंकला होता. डिऑन सँडर्स प्रशिक्षक झाले आणि त्यांनी जवळपास सगळा संघच बदलला. 2 सप्टेंबर 2023 रोजी त्यांनी मागच्या हंगामातील राष्ट्रीय उपविजेत्या टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) त्यांच्याच मैदानावर 45-42 असे हरवले. प्रशिक्षकांचा मुलगा, क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) शेदूर, याने 510 यार्डांचे पास दिले आणि ट्रॅव्हिस हंटर आक्रमण व बचाव दोन्हींत खेळला. पुढे नेब्रास्का आणि कोलोरॅडो स्टेटही हरले. चौथ्या सामन्यात मात्र ओरेगनने 42-6 असा धुव्वा उडवला आणि हंगाम 4-8 वर आटोपला. चाहत्यांनी तरी हताश का व्हावे? एका विजयावरून चौपट मजल ही खरी प्रगतीच होती. पण सप्टेंबरच्या तीन विजयांनी मोजमापाची पट्टीच बदलली होती.

पूर्वी नव्या प्रशिक्षकाला स्वतः भरती केलेली मुले तयार होईपर्यंत तीन-चार वर्षांची मुभा असे. 2021 पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावे लागेनासे झाले. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, संघ काही महिन्यांत उभा राहू शकतो, म्हणून चाहत्यांचा धीरही आटला आहे. मोठे नाव मात्र हमी देत नाही: एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेले बिल बेलिचिक यांच्या नॉर्थ कॅरोलायनाने 1 सप्टेंबर 2025 रोजी पहिलाच सामना 48-14 असा गमावला.

याउलट उदाहरण इंडियाना विद्यापीठाचे. 2023 च्या 3-9 नंतर कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले. 2024 च्या हंगामापूर्वी माध्यमांच्या अंदाजात हा संघ बिग टेन या विद्यापीठांच्या स्पर्धा-गटातल्या 18 संघांत 17 वा होता. त्याने पहिले दहाही सामने जिंकले.