मिनिएचर वॉरगेम : मेजावरचा ऐतिहासिक युद्धखेळ

इतिहासात प्रत्यक्ष झालेली लढाई धातूच्या किंवा प्लास्टिकच्या रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या साहाय्याने, फासे टाकून आणि टेपने अंतर मोजून मेजावर पुन्हा खेळण्याच्या छंदाला मिनिएचर वॉरगेम असे म्हणतात. बुद्धिबळाप्रमाणे येथेही दोन पक्ष असतात. मात्र पटावर घरे आखलेली नसतात, दोन्ही बाजूंचे बळ सारखे असेलच असे नाही आणि हुकूम दिला म्हणजे तो पाळला जाईलच याची खात्री नसते. हा खेळ स्पर्धा म्हणून खेळला जातो, तसाच सणासुदीला मित्रमंडळी जमल्यावर दिवसभराचा मोठा डाव म्हणूनही मांडला जातो. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या प्रकारासंबंधी असून विदर्भाच्या ग्रामीण भागात, विशेषतः वऱ्हाडात, तो कसा मांडता येतो याचा विचार तीत केला आहे.

सणाच्या डावाचे गणित वेगळे असते. स्पर्धेत समोरासमोर दोघे बसतात, दोन्ही फौजांची किंमत गुणांत सारखी ठरवलेली असते आणि वेळ मोजली जाते. दिवाळीत मात्र सोयाबीन घरात येऊन कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली असते, पुण्या-नागपुराला नोकरीला असलेले मित्र गावी आलेले असतात आणि खेळणारे सहा-आठ जण होतात. एवढ्यांना काम पुरायचे तर एका फौजेचे तीन-चार भाग करून उजवी बगल एकाकडे, मध्य दुसऱ्याकडे, राखीव घोडदळ तिसऱ्याकडे असे सोपवावे लागते. जेवण करून दुपारी उशिरा येणाऱ्याला मागून येणारी कुमक दिली म्हणजे त्याचा खोळंबा होत नाही आणि डावालाही कलाटणी मिळते. सगळ्यांच्या वर एक पंच असतो. डाव रचणे, नियमांत नसलेला प्रसंग उद्भवल्यास निवाडा देणे आणि खेळ रेंगाळू न देणे ही त्याची कामे असतात. चांगला पंच लाभला तर नियमांचे पुस्तक दिवसातून दोन-तीनदाच उघडावे लागते.

या खेळाचे मूळ दूरवर शोधायचे तर हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ अशी चार अंगे असलेल्या आपल्या चतुरंगापर्यंत जाता येते. आधुनिक रूप मात्र जर्मन भाषिक प्रदेशातले आहे. ब्रुन्सविकच्या हेलविग यांनी 1780 मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर वेगवेगळे भूप्रदेश आणले. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी तो पट टाकून दिला आणि मुलाने 1824 मध्ये नकाशा, फासे व पंच यांवर आधारलेले नियम प्रसिद्ध केले. सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ते प्रशियाच्या सैन्यात रुजले. घरगुती छंद म्हणून या खेळाला एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाच्या 1913 मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने ओळख दिली. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने छोटे लाकडी तुकडे उडवून शिपाई पाडायचे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॅक स्क्रुबी आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांनी मूर्ती (म्हणजेच हे छोटे सैनिक), नियतकालिके व पुस्तके यांच्याद्वारे तो सामान्य माणसापर्यंत नेला.

मूर्तींची मापे मिलिमीटरमध्ये सांगतात. 28 मिलिमीटर हे आज सर्वांत रूढ माप आहे. 15 आणि 6 मिलिमीटरच्या मूर्तीही मोठ्या लढायांसाठी वापरल्या जातात. 1/72 प्रमाणाच्या मऊ प्लास्टिकच्या मूर्ती, ज्या साधारण 23 ते 24 मिलिमीटर भरतात, त्या खिशाला सर्वांत परवडतात. येथे एक गोष्ट नवख्याला सुरुवातीलाच समजावून सांगावी लागते. मूर्तीचे प्रमाण आणि जमिनीचे प्रमाण हे एक नसते. मेजावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर असे धरले, तर सहा फुटांच्या मेजावर सुमारे 1,800 मीटरांचे रणांगण बसते, पण त्याच हिशेबाने 28 मिलिमीटरचा शिपाई 28 मीटर उंच ठरतो. म्हणून मेजावरचे एक कौलारू घर हे घर नसून अख्खे गाव असते, तीन झाडे म्हणजे आमराई असते आणि वीस शिपायांची एक रांग म्हणजे सहाशे जणांची पलटण असते. हे एकदा मनात बसले की पट वाचता येऊ लागतो.

डाव पाळ्यापाळ्यांनी पुढे सरकतो. प्रत्येक पाळीत तुकड्या टेपने मोजून हलवायच्या, मग तोफा व बंदुका चालवायच्या, त्यानंतर हातघाईचा निकाल लावायचा आणि शेवटी मार खाल्लेल्या तुकड्यांचे मनोधैर्य तपासायचे, असा क्रम बहुतेक नियमांत असतो. तपशील मात्र नियमागणिक बदलतो. नवख्याला गोळीबाराचे फासे आवडतात. खेळाचा जीव मात्र मनोधैर्याच्या फाशात आहे. खऱ्या लढाईत पलटणी शेवटच्या माणसापर्यंत क्वचितच लढतात, दहातले एक-दोन पडले की उरलेले मागे सरू लागतात, आणि नेमके कधी सरतील हे सेनापतीलाही सांगता येत नाही. ही अनिश्चितता फाशाने आणली जाते. अनुभवी तुकडीला कमी दान पुरते, नवख्या तुकडीला जास्त लागते, आणि सेनापतीची मूर्ती जवळ उभी असेल तर एक-दोन गुणांची मदत मिळते.

हे पटवून देण्यासाठी विदर्भातल्याच लढाईचे उदाहरण पुरेसे आहे. 29 नोव्हेंबर 1803 रोजी, असईच्या लढाईनंतर दोन महिन्यांनी, आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावच्या माळावर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याची फौज आणि नागपूरकर भोसले व शिंदे यांचे सैन्य समोरासमोर आले. भोसल्यांच्या फौजेचे नेतृत्व दुसऱ्या रघुजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. कंपनीचे सैन्य सिरसोलीजवळून पुढे सरत असताना मराठ्यांच्या तोफा धडाडल्या आणि असईला छाती काढून उभ्या राहिलेल्या तीन देशी पलटणी फार हानी झालेली नसताना फुटून मागे पळाल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्या आडोशाला गोळा केल्या, पुन्हा रांगेत उभ्या केल्या आणि मगच पुढची चढाई केली. आपण तेथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने पुढे पत्रात लिहिले. नंतर अरब पायदळाने गोऱ्या पलटणींवर निकराचा हल्ला केला आणि ते कापले गेले, शिंद्यांच्या घोडदळाचा हल्लाही परतवला गेला, आणि मराठ्यांची आघाडी मोडल्यावर पाठलाग चांदण्यात चालला, कारण लढाईला तोंडच मुळी दुपार कलल्यावर लागले होते.

मेजावर ही लढाई मांडताना नुसती जीवितहानी मोजणारे नियम वापरले तर त्या तीन पलटणी कधीच पळत नाहीत आणि डाव खोटा होतो. म्हणून पंच पहिल्याच तोफमाऱ्यानंतर त्यांना मनोधैर्याचा फासा टाकायला लावतो आणि कंपनीच्या सेनापतीसमोर खरा प्रश्न उभा राहतो : पुढे तोफांपाशी जायचे की मागे जाऊन पळणाऱ्यांना आवरायचे? त्याची मूर्ती एका पाळीत दोन्हीकडे असू शकत नाही. याच क्षणी ओसरीवरचा गलका थांबतो आणि कोणीतरी हलकेच म्हणते, “पाच पाड भाऊ, चारानं भागत नाही आता.” मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्यालाही येथे इतिहासाने न घेतलेली संधी मिळते. पलटणी विस्कळीत असतानाच घोडदळ सोडले असते तर काय झाले असते, हे तो पाहू शकतो. उत्तर दर दिवाळीला वेगळे येते.

वऱ्हाडाच्या भूमीवर असे विषय आणखी आहेत. 1720 मध्ये बाळापूरजवळ निजामुल्मुल्काने दिल्ली दरबारातील सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअली खान याचा पराभव केला. 1724 मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे हैदराबादचा मुघल सुभेदार मुबारिझखान निजामाशी लढताना पडला आणि दख्खनची सत्ता निजामाकडे गेली. अडगावनंतर सोळा दिवसांनी, 15 डिसेंबर 1803 रोजी, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड सुलतानढव्याने पडला. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा डोंगरातून रस्ता काढत ओढून नेल्या होत्या. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. वेढ्याचा डाव मैदानी लढाईपेक्षा अवघड असतो, कारण त्यात बहुतेक वेळ खोदण्यात आणि वाट पाहण्यात जातो. म्हणून गाविलगडाचा फक्त शेवटचा हल्ला, म्हणजे बाहेरची तटबंदी फुटल्यानंतर आतल्या कोटाचा दरवाजा उघडेपर्यंतचा भाग, खेळायला घ्यावा. वॉटर्लू सर्वत्र खेळले जाते. ज्याला रोज एसटीने अडगावावरून जायचे आहे त्याने अडगाव खेळावे, हे या नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. शाळेत एका ओळीत संपलेली लढाई या डावानंतर पायाखालच्या जमिनीला चिकटते.

पटाला लागणारे बरेच साहित्य वऱ्हाडातल्या घरात आयतेच असते. दोन बाजांवर प्लायवूडची फळी टाकली आणि वर तपकिरी बारदान ताणले की काळीभोर नसली तरी रानाची जमीन तयार होते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळलेल्या काड्यांची बोटभर फांदी तळपट्टीवर, म्हणजे खालच्या चपट्या तुकड्यावर, चिकटवली की बाभूळ होते. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्वारी उभी असते, म्हणून अडगावच्या पटावर ज्वारीची शेते हवीतच. ती काथ्याच्या पायपुसण्याचे चौकोनी तुकडे कापून आणि वरची टोके पिवळसर रंगवून करतात. त्या शेतात शिरलेली तुकडी दिसत नाही आणि तिचा वेगही निम्मा होतो. सर्वांत सुंदर साहित्य मात्र कापूस आहे. ज्या तुकडीने त्या पाळीत बार काढला तिच्यापुढे कापसाचा एक पुंजका धूर म्हणून ठेवायची पद्धत जगभर आहे, आणि त्यामुळे कोणी बंदूक चालवली, कोणी नाही हे विसरायला होत नाही. इतरत्र त्यासाठी औषधाच्या दुकानातून गुंडाळी आणावी लागते. येथे शेजारच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला असतो. सरकी काढून, बोटांनी तो इतका विरळ करायचा की पलीकडचा जरीपटका अंधुक दिसावा. संध्याकाळी दिवे लावल्यावर तोफांच्या रांगेपुढे असे पंधरावीस पुंजके दिसू लागले म्हणजे खेळ न समजणारी घरची माणसेही जवळ येऊन उभी राहतात.

मूर्ती मिळवणे अधिक कष्टाचे आहे. बाजारात नेपोलियनकालीन युरोपीय सैन्याच्या मूर्ती मुबलक असतात, मराठ्यांच्या मात्र फार थोड्या. त्यामुळे इतर पौर्वात्य सैन्यांच्या मूर्तींची डोकी बदलून, पागोटे पुट्टीने वळून, भाला तारेचा करून आपला स्वार घडवावा लागतो. तान्ह्या पोळ्याला विदर्भातली मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागतात. त्या बैलांची परंपरा जपणाऱ्या सुतारांच्या हाती तोफांचे गाडे, बैलांच्या जोड्या आणि बुणग्यांच्या छकड्या फार नेमक्या उतरतात. जड तोफ एकाच जोडीला ओढत नसे, लांबच लांब बैलांच्या रांगा लागत. त्या पटावर दाखवल्या की फौज हळू का चालते हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाजू वाटताना एक अडचण हमखास येते. कंपनीची फौज घ्यायला कोणी तयार नसतो. चिठ्ठ्या टाकणे हा सर्वांत बरा उपाय आहे, आणि त्याबरोबर पंचाने हेही सांगावे की वेलस्लीच्या सैन्यात बहुतांश शिपाई याच देशातले होते, त्याच्यासोबत म्हैसूरचे आणि निजामाचे घोडदळही होते, आणि भोसल्यांच्या बाजूने अरब लढले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील फौजा आजच्या जातिधर्माच्या चौकटीत बसत नाहीत. पटावर पडणाऱ्या मूर्तीमागे कधीकाळी खरा माणूस होता याची जाण ठेवून डाव खेळला जावा. म्हणूनच पराभूत बाजूची टवाळी सणाच्या डावात चालवून घेऊ नये, तेवढी सक्ती पंचाने करावी.

फराळाविषयीचा नियमही तितकाच कडक असावा. चिवड्याचे तेलकट बोट एकदा रंगावर उमटले की निघत नाही, म्हणून ताटे पटापासून दूर ठेवून चमचे द्यावेत आणि मूर्ती नेहमी तळपट्टीला धरूनच उचलावी. लहान मुलांना फासे टाकायला व धूर ठेवायला बसवले म्हणजे ती तासन्‌तास रमतात.

रंगकाम वर्षभर चालते आणि त्यात विदर्भाचे हवामान आडवे येते. पावसाळ्याच्या दमट हवेत फवाऱ्याचा अस्तर-रंग पांढुरका आणि खरबरीत बसतो. एप्रिल-मेच्या उन्हात ॲक्रिलिक रंग कुंचल्यावरच सुकतो, तेव्हा ओल्या कागदावर रंग कालवून पहाटे काम करावे लागते. पोळ्यानंतर उघडीप मिळाली की अस्तर द्यायचे, अंगरखे-पागोटी उरकायची, पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवून चुण्या उठवायच्या आणि शेवटी मॅट वार्निशने झाकायचे, म्हणजे दिवाळीपर्यंत पलटण उभी राहते. मऊ प्लास्टिकचे वाकलेले भाले गरम पाण्यात बुडवून सरळ करावेत आणि लगेच गार पाण्यात धरावेत. डाव संपल्यावर मूर्ती कापसाच्या थरांत पत्र्याच्या पेटीत भरतात; ती पेटी माळ्यावर पत्र्यालगत कधीही ठेवू नये, कारण मे महिन्यात तेथे डिंक सुटतो आणि स्वार घोड्यांवरून उतरलेले सापडतात.