पीट जमिनीवरील भातशेती, थंड प्रदेशांतील

चर खणून कोरड्या केलेल्या पीट जमिनीत पुन्हा पाणी भरून तेथे भात पिकवण्याची पद्धत. आल्प्सच्या उत्तरेस, स्वित्झर्लंडमध्ये, सध्या तिचे प्रयोग चालू आहेत. जपानमधील होक्काइदो आणि कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो–सॅन वाकीन त्रिभुज प्रदेश येथेही पिटावर भात होतो, मात्र त्यांची कहाणी वेगळी आहे.

पाणथळ जागी हवेअभावी अर्धवट कुजून राहिलेल्या वनस्पतींच्या थरांना पीट म्हणतात. हा थर वर्षाला जेमतेम १ मिमी. वाढतो. पाणी काढले की हवा आत शिरते, थर कुजू लागतो, त्यातला कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि जमीन वर्षाला १-२ सेंमी. खचते. समशीतोष्ण कटिबंधात अशा नांगरटीच्या जमिनीतून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ३० टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, असे आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीची मार्गदर्शिका धरते.

बील, न्यूशातेल आणि मुर्टेन या तीन सरोवरांमधला ग्रोसेस मोस हा दलदलीचा पट्टा याचे ठळक उदाहरण. १८७८ मध्ये हागनेक कालव्याने आरे नदी बील सरोवरात वळवण्यात आली. जुरा जलसुधार योजनेच्या या पहिल्या टप्प्यात सरोवरांची पातळी सुमारे अडीच मीटर उतरली आणि दलदलीच्या जागी देशाचा भाजीमळा उभा राहिला. जमीन खचत गेल्याने पुराचा प्रश्न पुन्हा आला व १९६२–७३ मध्ये दुसरा टप्पा हाती घ्यावा लागला. आता कित्येक शेतांत पिटाचा थर पातळ झाला असून पावसानंतर पाणी तुंबते. तुंबतेच आहे, तर पाण्यातलेच पीक का घेऊ नये, असा या प्रयोगांमागचा सरळ विचार आहे. अ‍ॅग्रोस्कोप या सरकारी कृषिसंशोधन संस्थेने २०१७ पासून तिथे पाणभाताच्या चाचण्या सुरू केल्या. आल्प्सच्या दक्षिणेला तिचीनोत १९९७ पासून भात होतो, पण तो खाचरात पाणी न भरता.

बी एप्रिलमध्ये काचघरात टाकतात, मेमध्ये लावणी करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी. ‘लोटो’सारखे लवकर तयार होणारे इटालियन वाण वापरतात. खरी परीक्षा पीक पोटरीत असताना होते. त्या दिवसांत परागकण घडत असतात. रात्रीचा पारा १७ अंशांच्या आसपास किंवा खाली राहिला तर ते निकामी होतात आणि लोंबी पळंज, म्हणजे दाणे न भरलेली, निघते. होक्काइदोचे शेतकरी यावर एक साधी युक्ती करतात. कोवळी लोंबी तेव्हा खोडात खालीच असते. म्हणून खाचरातले पाणी १५ ते २० सेंमी.पर्यंत चढवतात. रात्री पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने लोंबी तगते. पिटावर धोका जास्तच, कारण कुजणाऱ्या थरातून उन्हाळ्यात भरमसाट नत्र सुटते. पीक हिरवेगार दिसते, पण उशिरा पिकते, लोळते आणि थंडीलाही लवकर बळी पडते. सिलिका कमी असल्याने करप्यालाही आमंत्रण मिळते. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात होक्काइदोचे भातपीक सामान्य वर्षाच्या ४० टक्क्यांवर आले होते.

हवामानाच्या दृष्टीने हिशेब सोपा नाही. पाणी भरले की पीट कुजणे मंदावते, पण त्याच पाण्याखाली मिथेन हा तापमान वाढवणारा वायू तयार होतो. मिथेन कमी करण्यासाठी साध्या खाचरात मधेच पाणी सोडतात. पिटावर तसे केले की हवा आत जाते, कुजणे पुन्हा सुरू होते आणि नायट्रस ऑक्साइडही वाढतो. त्यामुळे पाण्याची पातळी, ती किती दिवस राखली आणि आधी त्या शेतात काय होते, यांवर निकाल ठरतो. गाजर-बटाट्याच्या कोरड्या शेताशी तुलना केली तर भात सरस ठरू शकतो; अखंड ओल्या, न नांगरलेल्या दलदलीशी केली तर नाही. म्हणूनच बोरू, पाणकणीस किंवा स्फॅग्नम शेवाळ घेणाऱ्या ‘पॅल्युडिकल्चर’मध्ये, म्हणजे पीट कायम ओले ठेवून केलेल्या शेतीत, भात काटेकोर अर्थाने बसत नाही. कापणीसाठी खाचर सुकवावेच लागते. त्याची जमेची बाजू म्हणजे तो थेट ताटात येतो.

होक्काइदोत क्रम उलटा होता : इशिकारी खोऱ्यातले पीट आधी निचरा करून, वर बाहेरची माती पसरून भातासाठीच तयार केले गेले. कॅलिफोर्नियातील बेटे मात्र कोरड्या शेतीने खचून काही ठिकाणी समुद्रसपाटीच्या कित्येक मीटर खाली गेली आहेत. ट्विचेल बेटावर भात लावला तो मुख्यतः हे खचणे रोखायला. खाडीवरून येणाऱ्या गार वाऱ्यामुळे तिथेही थंडी सोसणारी वाणे लागतात.

स्वित्झर्लंडमध्ये भरलेल्या खाचरांत बेडूक, चतुर आणि तुरेवाली टिटवी परतण्याची आशा धरली जाते. शेतकऱ्याच्या अडचणी अधिक रोखठोक आहेत : सावाच्या जातीचे तण, मऊ जमिनीत रुतणारी यंत्रे, बांध घालण्याचा खर्च आणि शेजाऱ्याच्या भाजीच्या शेतात झिरपणारे पाणी. आयात तांदळाशी भावात टक्कर देणे शक्य नसल्याने हा तांदूळ बहुधा स्थानिक उत्पादन म्हणून चढ्या दराने थेट गिऱ्हाइकाला विकला जातो.