पर्सेप्च्युअल कलर मॉडेल आणि फोटो एडिटिंगमधली रंगाची टूल्स

दोन रंगांत डोळ्याला जेवढा फरक जाणवतो तेवढाच आकड्यांतही दिसावा, या बेताने रंग मोजायची पद्धत म्हणजे पर्सेप्च्युअल कलर मॉडेल. सीआयई (प्रकाश आणि रंगाची मापं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) लॅब, एलसीएच, ओकेलॅब ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. फोटोशॉप, गिम्प, क्रिटा, डार्कटेबल या सॉफ्टवेअरांत ती कुठे उघड मेनूत असतात, कुठे एखाद्या टूलच्या पोटात. आरजीबी यात मोडत नाही, ते फक्त स्क्रीनने लाल, हिरवा, निळा उजेड किती सोडायचा एवढंच सांगतं.

खरा घोळ घातलाय तो एचएसएल आणि एचएसव्ही या मापांच्या जोडीने. दोन्ही १९७८ साली मांडली गेली, एचएसव्ही अल्वी रे स्मिथ यांनी, आणि त्या काळच्या कॉम्प्युटरला झेपेल असं सोपं गणित म्हणून ती चांगलीच होती, पण त्यातले ह्यू (रंगछटा), सॅच्युरेशन (भडकपणा), लाइटनेस (उजळपणा) हे शब्द ऐकून लोकांना वाटलं की हे डोळ्याचंच माप आहे. तसं ते नाही. एचएसएलमधली लाइटनेस म्हणजे तीन चॅनलमधल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्याची सरासरी, बस्स. त्यामुळे स्क्रीनवरचा शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांनाही १०० पैकी ५० मार्क. लॅबमध्ये तोच पिवळा ९७ च्या आसपास आणि निळा ३२, म्हणजे कुणीही बघून सांगेल तसंच. कारण एसआरजीबीमध्ये (नेहमीच्या स्क्रीनचं ठरलेलं आरजीबी) उजळपणाच्या हिशोबात हिरव्याचा वाटा साधारण ७१.५ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७.

पणजीत फोंताइन्हासच्या गल्लीतला फोटो घ्या, पिवळ्या कावेची भिंत, तिला लागून गडद निळी, मधे पांढरे पट्टे. हा फोटो फोटोशॉपच्या डीसॅच्युरेटने ब्लॅक अँड व्हाइट केला की दोन्ही भिंती जवळपास एकाच राखाडीत जातात आणि उरतात ते फक्त पट्टे, कारण ते टूल एचएसएलचाच हिशोब लावतं. गिम्पच्या डीसॅच्युरेटमध्ये ल्युमिनन्स (वरच्या वाट्यांनी मोजलेला उजळपणा) हा पर्याय आहे, तो दिला की पिवळी उजळ, निळी काळपट, उभं राहून बघताना वाटतं तसं.

या मापाची सुरुवात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मुन्सेल यांनी १९०५ मध्ये रंगाचे ह्यू, व्हॅल्यू (उजळपणा), क्रोमा (रंगाचा जोर) असे तीन भाग मांडले, आणि पुढे रंग तसे रचल्यावर गोल चेंडू न होता वेडंवाकडं झाड झालं, कारण पिवळा उजळ असतानाच भडक होतो आणि निळा गडद असताना. १९३१ मध्ये सीआयईने रंगाचं अधिकृत गणित केलं, पण त्यातून निघालेल्या रंगांच्या नकाशावर सारखं अंतर म्हणजे सारखा फरक नव्हे हे डेव्हिड मॅकअॅडम या शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दाखवलं. त्यावर तोड म्हणून १९७६ मध्ये लॅब आलं. त्यात एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरवा ते लाल, बी म्हणजे निळा ते पिवळा. १८ टक्के उजेड परतवणारा राखाडी डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधला वाटतो, आणि लॅबमध्ये त्याचा एल ५० च्या जवळ येतो.

रोजच्या कामात याचा उपयोग कुठे? कॉन्ट्रास्ट वाढवायला आरजीबी कर्व्ह ओढला की रंगही भडकतात, चतुर्थीच्या माटोळीतली (गणपतीवर टांगलेली फळं-फुलं) सुपारी आणि केळी प्लास्टिकची वाटायला लागतात. तोच कर्व्ह लॅबच्या एल चॅनलवर दिला, किंवा कर्व्ह लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी केला, तर रंग बराचसा जागेवर राहतो. फक्त रंग वाढवायचा तर गिम्पमध्ये २.१० पासून ह्यू-क्रोमा टूल आहे, ते एलसीएचवर चालतं (एलसीएच म्हणजे लॅबच, फक्त ए-बीऐवजी कोन आणि अंतर). साधं ह्यू-सॅच्युरेशन मात्र हिरवा फिरवून निळा करताना उजळपणाही खाली पाडतं, आणि मग माणूस तासभर ब्राइटनेसशी झटापट करत बसतो.

लॅबही काही सोवळं नाही. निळा फिका करत नेला की तो जांभळ्याकडे झुकतो, हे त्याचं जुनं दुखणं. डिसेंबर २०२० मध्ये ब्यॉर्न ओटोसन यांनी ओकेलॅब आणलं, ते मुख्यतः यावरच. गणित छोटं, त्यामुळे पटकन पसरलं. आज सीएसएसमध्ये (वेबपेजचं रूप लिहायची भाषा) ओकेएलसीएच, म्हणजे ओकेलॅबचं एलसीएच रूप, लिहिता येतं आणि फोटोशॉपच्या ग्रेडियंटमधला पर्सेप्च्युअल पर्यायही त्यावरच चालतो. निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा ग्रेडियंट जुन्या पद्धतीत मधे मळकट राखाडी होतो, यात बराच स्वच्छ येतो.

या मॉडेलांची अडचण अशी की त्यात मागता येणारे सगळे रंग स्क्रीनला दाखवता येत नाहीत. उजळपणा ९० आणि क्रोमा भरपूर ठेवून पिवळ्याचा निळा करा, तसा निळा एसआरजीबीत नाहीच, मग सॉफ्टवेअर जवळचा काहीतरी चिकटवून मोकळं होतं. छपाईत तर ही हद्द आणखी आवळते. जत्रेतल्या नाटकाचा फ्लेक्स स्क्रीनवर झगझगीत निळा असतो आणि छापून मंडपाबाहेर लागला की जांभळट. त्यात दोष मॉडेलचा नाही, सीएमवायके शाईत (छपाईच्या चार शाया) तो निळा बसतच नाही, म्हणून फाइल पाठवायच्या आधी छापणाऱ्याचं प्रोफाइल (त्याच्या मशीन-शाईच्या रंगांची फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापून कसं दिसेल ते स्क्रीनवरच, बघून घ्यावं.