अमृतसर : तीर्थदर्शन आणि ऐतिहासिक स्थळे

पंजाबच्या माझा प्रदेशातील अमृतसर हे शीख धर्मीयांचे सर्वांत महत्त्वाचे तीर्थक्षेत्र. हे शहर नदीकाठी नाही, तलावाभोवती वसले आहे. चौथे गुरू रामदास यांनी १५७७ मध्ये मुख्य तलाव खोदवला आणि त्याच्या भोवती व्यापारी व कारागीर वसवले. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी तलाव बांधून काढून त्याच्या मध्यभागी हरमंदिर साहिब म्हणजे सुवर्णमंदिर उभारले. १६०४ मध्ये तेथे आदिग्रंथाची (आजचा गुरू ग्रंथसाहिब, शिखांचा धर्मग्रंथ) स्थापना झाली आणि बाबा बुढ्ढा हे पहिले ग्रंथी म्हणजे ग्रंथाचे पाठक झाले. संतोखसर, रामसर, कौलसर आणि बिबेकसर ही आणखी चार सरोवरे जुन्या शहरातच आहेत. अमृतसर समजून घ्यायचे तर या पाच सरोवरांच्या आधाराने फिरावे. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि वाघा एका दिवसात उरकणाऱ्या प्रवाशाला शहराचा निम्मा इतिहास दिसतच नाही.

दरबार साहिबच्या परिसरात (हरमंदिर साहिबला पंजाबी माणूस बहुधा याच नावाने ओळखतो) चारही दिशांनी प्रवेश आहे आणि तो कोणत्याही जातिधर्माच्या व्यक्तीला विनाशुल्क आहे. नवखा प्रवासी सहसा उत्तरेच्या घंटाघर दरवाजाने येतो. जोडाघरात चपला देऊन बिल्ला घ्यावा. मोजेही काढावे लागतात, कारण पुढे पाय धुण्याच्या उथळ पाण्यातून जायचे असते. डोके स्त्रीपुरुष सर्वांनीच झाकायचे असते. टोपीपेक्षा रुमाल किंवा ओढणी योग्य; जवळ नसेल तर दाराशी ठेवलेल्या टोपलीतला रुमाल वापरावा आणि जाताना परत ठेवावा. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू आत नेणे हा गंभीर अपमान समजला जातो. खिशात विसरलेली पुडीही मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवून यावी.

दरवाजातून पायऱ्या उतरून खाली जावे लागते, कारण मंदिर आसपासच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवर बांधलेले आहे. परिक्रमा सरोवर उजव्या हाताला ठेवून करतात; म्हणजे घंटाघराकडून उतरल्यावर डावीकडे वळावे. बहुतेक जण याच टप्प्यावर घाई करून थेट दर्शनाच्या रांगेकडे धावतात. खरे तर परिक्रमेतच शहराचा इतिहास दगडादगडांवर लिहिलेला आहे. उत्तरेच्या बाजूला बाबा बुढ्ढा यांची बोर, म्हणजे बोरीचे झाड, आहे. तलावाचे व मंदिराचे काम चालू असताना ते हिच्या सावलीत बसून देखरेख करीत. पूर्वेला दुखभंजनी बेरी आहे. बीबी रजनीच्या कुष्ठरोगी पतीला येथल्या पाण्यात बरे वाटले, अशी श्रद्धा असल्याने स्नानाची सर्वाधिक गर्दी येथेच असते. शेजारीच अठसठ तीरथ आहे. दक्षिणेकडे बाबा दीपसिंग यांचे स्मृतिस्थान लागते. अहमदशाह अब्दालीच्या फौजेशी १७५७ मध्ये लढताना ते येथे धारातीर्थी पडले. पश्चिमेला दर्शनी ड्योढीजवळ (मंदिराकडे जाणाऱ्या पुलाचे प्रवेशद्वार) लाची बेर हे तिसरे बोरीचे झाड आहे. भिंती आणि फरशीवरील संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची व सैनिकी पलटणींची नावे कोरलेली आढळतात.

उन्हाळ्यात दुपारी ही फरशी भाजते. त्यासाठी तागाच्या पट्ट्या अंथरून त्यांवर पाणी मारले जाते, त्यांवरूनच चालावे. जानेवारीत पहाटे तीच फरशी बर्फासारखी गार पडते आणि ओली असल्याने वृद्धांचा पाय घसरतो. सरोवराकडे पाय पसरून बसू नये. सेवादार (सेवा करणारे स्वयंसेवक) लगेच येऊन सांगतात, पण आधीच माहीत असलेले बरे. स्नान करताना साबण लावत नाहीत, पोहत नाहीत. पुरुष काठावरच्या साखळीला धरून डुबकी घेतात, स्त्रियांसाठी बंदिस्त जागा आहे. सरोवराचे पाणी रावीवरून आलेल्या कालव्याचे आहे. अठराव्या शतकात उदासी पंथाच्या साधूंनी ‘हंसली’ नावाचा पाट खोदून ते आणण्याची सोय केली. तळाचा गाळ काढण्याची कारसेवा, म्हणजे भाविकांचे श्रमदान, फार वर्षांच्या अंतराने होते. १९२३ ची कारसेवा मोठ्या लोकसहभागासाठी प्रसिद्ध आहे.

मुख्य दर्शनाची रांग पश्चिमेच्या दर्शनी ड्योढीतून सुमारे २०० फूट लांबीच्या पुलावर जाते. रविवारी, संक्रांतीला, अमावस्येला आणि गुरुपर्वांना दोन तास किंवा अधिक थांबावे लागते. आडवारी भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा रांग बरीच कमी असते. रांगेत शिरण्यापूर्वी कडाह प्रसादाच्या खिडकीवर पैसे देऊन द्रोण घ्यावा. हा प्रसाद कणीक, साजूक तूप आणि साखर समान वजनाने घेऊन करतात. ड्योढीजवळ सेवादार त्यातला निम्मा सर्वांसाठी काढून घेतो आणि निम्मा परत देतो. ही प्रथाच आहे, गैरसमज करून घेऊ नये. बाहेर मिळणारा प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून आणि शक्यतो बसून घेतात.

मंदिर सुमारे ६७ फूट चौरस चौथऱ्यावर असून त्याची मूळ वास्तू सुमारे ४० फूट चौरस आहे. चार दिशांना चार दारे आहेत. अफगाण स्वाऱ्यांत ते उद्ध्वस्त झाले. १७६२ च्या विध्वंसानंतर शीख मिसलींनी (लढवय्या जथ्यांनी) ते पुन्हा बांधले. संगमरवर आणि सोन्याचा मुलामा दिलेला ताम्रपत्रा हे महाराजा रणजितसिंगांच्या काळातले. आत मूर्ती नाही. गुरू ग्रंथसाहिबासमोर माथा टेकून, रागींचे (कीर्तनकारांचे) कीर्तन चालू असताना भिंतीलगत थोडा वेळ बसता येते. छायाचित्रण आत पूर्ण वर्ज्य आहे. मागच्या बाजूला हर की पौडी येथे सरोवराचे पाणी तीर्थ म्हणून घेतात. जिन्याने वर गेल्यास भिंतींवरील मोहराकशी म्हणजे रंगीत भित्तिचित्रे जवळून पाहता येतात. खालच्या मजल्यावरून परत फिरणाऱ्यांकडून हे हमखास राहून जाते.

मराठी माणसाने येथील कीर्तन कान देऊन ऐकावे. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत आणि ती इतर बाण्यांच्या (ग्रंथातील रचनांच्या) बरोबरीने येथे गायली जातात. परिक्रमेतील पडद्यांवर चालू शबद (पद) गुरुमुखीत आणि अनुवादासह दिसतो.

हरमंदिरासमोर अकाल तख्त, म्हणजे शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ, आहे. सहावे गुरू हरगोबिंद यांनी १६०६ मध्ये ते स्थापले. मीरी आणि पीरी, म्हणजे ऐहिक आणि आध्यात्मिक सत्ता, यांची खूण म्हणून जवळच दोन निशाण साहिब (ध्वजस्तंभ) एकमेकांना जोडून उभे आहेत. जून १९८४ च्या लष्करी कारवाईत तख्ताची इमारत फार मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. सरकारने केलेली दुरुस्ती शीख समाजाने स्वीकारली नाही, ती पाडून कारसेवेने आजची वास्तू उभी राहिली. पहाटे (उन्हाळ्यात सुमारे ४, हिवाळ्यात सुमारे ५ वाजता) ग्रंथसाहिब येथून पालखीने हरमंदिरात नेतात आणि रात्री दहाच्या आसपास परत आणतात. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी माहिती कक्षात विचारून ठेवावे आणि अर्धा तास आधी पुलाजवळ पोहोचावे. निवडायचे झाल्यास रात्रीची पालखी सोयीची. ती पाहून झाल्यावर लख्ख दिव्यांतली परिक्रमा निवांत करता येते.

पूर्वेकडील दारातून गुरू रामदास लंगरकडे (मोफत सामुदायिक भोजनगृहाकडे) वाट जाते. दिवसरात्र चालणाऱ्या या पंगतीत रोज पन्नास हजारांहून अधिक माणसे जेवतात, सणाला ही संख्या लाखापर्यंत जाते. दाराशी ताट, वाटी, चमचा घेऊन तट्ट्यावर ओळीत बसावे. पोळीला ‘प्रशादा’ म्हणतात, ती दोन्ही हात पुढे करूनच घेतात. ताटात टाकली जात नाही. डाळ, भाजी, खीर पुन्हा मागता येते, पण टाकता येत नाही. जेवणानंतर ताटे घासण्याच्या किंवा लसूण सोलण्याच्या सेवेत कोणीही बसू शकते.

लंगरजवळच रामगढिया बुंग्याचे (रामगढिया मिसलीच्या निवासवास्तूचे) दोन मनोरे आहेत. १७८३ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यातून आणलेली दगडी शिळा येथे ठेवली आहे. पुढे कौलसराकाठी नऊ मजली बाबा अटल गुरुद्वारा आहे. गुरू हरगोबिंदांचे पुत्र अटलराय नवव्या वर्षी वारले, म्हणून मजले नऊ. पहिल्या मजल्यावरील गुरू नानकांच्या जीवनाची भित्तिचित्रे शहरातील सर्वोत्तम चित्रकामांपैकी आहेत. रामसरच्या काठी गुरू अर्जनदेवांनी भाई गुरदास यांच्याकडून आदिग्रंथ लिहवून घेतला. ग्रंथापुढे माथा टेकून परतणाऱ्यांनी तो जिथे सिद्ध झाला ती जागाही पाहावी. तेथे गर्दी नसते.

घंटाघरापासून काही मिनिटांवर जालियनवाला बाग आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी, वैशाखीच्या दिवशी, जनरल डायरच्या हुकमाने येथे १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. मृतांचा सरकारी आकडा ३७९. प्रत्यक्ष संख्या बरीच मोठी मानली जाते. गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत आणि विहीर जतन केली आहे. ज्या अरुंद बोळातून सैनिक आले, तेथे २०२१ च्या नूतनीकरणात शिल्पे बसवली गेली. त्यामुळे त्या बोळाची मूळ भयाण कोंडी हरवली, ही इतिहासकारांची तक्रार रास्त आहे. त्याच रस्त्यावर टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणी संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते आणि नीट पाहायला दोन तास हवेत. दुर्गियाना मंदिर आणि गोबिंदगढ किल्ला यांसाठी वेगळी दुपार ठेवावी. अटारी-वाघा सीमेवरील ध्वजसमारंभ सुमारे ३० किमीवर सूर्यास्तापूर्वी होतो. पिशवी आत नेऊ देत नाहीत आणि सीमेवरील परिस्थितीप्रमाणे त्याचे स्वरूप बदलते.

मुक्कामासाठी परिसरातील सराया स्वस्त व स्वच्छ आहेत, पण साधारण तीन दिवसांहून अधिक राहू देत नाहीत. दर्शनाला दलाल किंवा ‘खास पास’ अशी काही व्यवस्था नाही. तसे सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. महाराष्ट्रातून नांदेडहून सचखंड एक्सप्रेस आणि मुंबईहून गोल्डन टेंपल मेल थेट येतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या कित्येक तास रखडतात, तेव्हा परतीचे विमान त्याच दिवशी धरू नये. एक दिवस हाताशी असेल तर गुरदासपूर जिल्ह्यातील घुमानला जावे. नामदेवांनी उत्तरायुष्य तेथे घालवले असे परंपरा मानते. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते.