पोटरीवरचा काळा ठसा: रोड सायकलिंगचे अलिखित नियम आले कुठून?

रोड सायकल नव्याने घेतलेला माणूस पंधरा-वीस जणांच्या घोळक्यातही ओळखू येतो. त्याच्या उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला चेनरिंगच्या, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकतीच्या, दातांचा काळाकुट्ट ठसा उमटलेला असतो. अमेरिकेत हौशी शर्यतींच्या सगळ्यांत खालच्या गटाला बरीच वर्षं ‘कॅटेगरी फाइव्ह’ म्हणत, त्यावरून तिथे या ठशाला ‘कॅट फाइव्ह टॅटू’ असं नाव पडलं. सिग्नलला सायकल दोन पायांत धरून दोन्ही पाय टेकले की उजवी पोटरी चेनरिंगला घासते आणि ठसा बसतो. सरावलेला माणूस उजवा पाय पायडलवरच ठेवतो, सीटवरून पुढे सरकतो आणि फक्त डावा पाय टेकतो. आपल्याकडे डाव्या बाजूने जायचं असल्यामुळे कडेचा दगड किंवा फुटपाथही त्याच बाजूला सापडतो.

पुण्यातल्या जुन्या काळ्या सायकलींना हा प्रश्न फारसा नव्हता. त्यांना चेनकव्हर असायचं, आणि नसलं तर पायजम्याला क्लिप लावली जायची. रोड सायकलने वजनापायी ते कव्हर काढून टाकलं आणि पोटरी उघडी पडली. अर्थात ठशाचं खरं कारण पाय नाही, तेल आहे. तेल लागतं ते रोलरच्या, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या छोट्या नळीच्या, आत. चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांवर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकायचा, पायडल उलटं फिरवायचं, तेल आत मुरायला थोडा वेळ द्यायचा आणि मग कोरड्या फडक्याने चेन बाहेरून पुसून काढायची. नवखे लोक हे शेवटचं पुसणंच गाळतात. मग दोन राइडमध्ये चेनवर काळी पेस्ट तयार होते. ती पायाला लागतेच, शिवाय चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्याही झिजवते.

या खेळात हसू येण्यासारख्या गोष्टी भरपूर आहेत, पण त्यांमागचे नियम एका घरात जन्मलेले नाहीत. काही युरोपातल्या व्यावसायिक शर्यतींतून आले, काही ब्रिटिश क्लबांच्या रविवारच्या फेऱ्यांतून, तर काही लांब पल्ल्याच्या इटालियन-फ्रेंच परंपरेतून. नवखा माणूस तिन्ही एकत्र कालवतो. जुनेजाणतेही कालवतात, फक्त ते जास्त आत्मविश्वासाने बोलतात.

सायकलिंगच्या चड्डीचंच बघा. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, हे नवख्याला कोणी सांगत नाही आणि विचारायला त्याला लाज वाटते. पूर्वी या चड्ड्या लोकरीच्या असत आणि बैठकीच्या जागी आल्प्समधल्या शॅमॉय नावाच्या रानबकऱ्याचं मऊ कातडं शिवलेलं असे. ते धुऊन वाळवलं की पापडासारखं कडक होई. ते पुन्हा मऊ करायला त्याला मलम चोळावं लागे. 1980च्या दशकात कातड्याच्या जागी कृत्रिम पॅड आले, तरी ‘शॅमॉय’ हे नाव आणि मलम दोन्ही टिकले. आता मलम लावतात ते त्वचेचं घर्षण कमी व्हावं म्हणून. पॅडला शिवण नसते किंवा ती कडेला नेलेली असते. मध्ये सुती अंतर्वस्त्र आलं की त्याची शिवण नेमकी वजन पेलणाऱ्या हाडाखाली येते, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि 60-70 किलोमीटरनंतर त्वचा सोलली जाते. म्हणजे कातडं गेलं तरी नियम मात्र जिवंत राहिला. चड्डी काळीच का, याचं उत्तरही असंच साधं आहे. कातडी सीटचा रंग आणि हाताचं ग्रीस काळ्या कापडावर दिसत नसे. पांढरी चड्डी पावसात काय करते, हे मागून येणाऱ्यांना विचारावं.

जर्सीचे नियम मात्र निव्वळ मानापमानाचे. टूर द फ्रान्स ही शर्यत 1903 साली ‘लोटो’ या वर्तमानपत्राने सुरू केली. ते पिवळ्या कागदावर छापलं जाई आणि आघाडीवीराची पिवळी जर्सी 1919 मध्ये आली. इटलीतल्या जिरो या शर्यतीची गुलाबी जर्सी 1931 ची, तिथल्या ‘गॅझेट्टा’ या वर्तमानपत्राच्या गुलाबी कागदावरून. जगज्जेत्याच्या जर्सीवरचे इंद्रधनुषी पट्टे त्याने पुढे बाहीच्या कडेला आयुष्यभर मिरवायचे असतात. म्हणूनच ते पट्टे विकत घेऊन घालणं युरोपात आगाऊपणा समजलं जातं. एखाद्या व्यावसायिक संघाचा पूर्ण पोशाख घालण्यावरही लोक हसतात, पण त्यात काही तथ्य नाही. क्रिकेटची निळी जर्सी घालून गल्लीत खेळणाऱ्याला आपण कुठे हसतो?

शर्यतवाले पायाचे केस काढतात, त्यामागेही मूळ कारण जखम धुणं, पट्टी काढणं आणि मालिश हेच होतं. रोज मालिश करून घेणाऱ्याला ते लागतं. बाकीच्यांनी आपापल्या घरी ठरवावं.

नवख्याची सगळ्यांत जाहीर फजिती होते ती सिग्नलला उभ्याउभ्या आडवं पडण्याची. तिचं मूळ 1984 मध्ये आहे. त्याआधी पाय पायडलला धातूच्या पिंजऱ्याने आणि पट्ट्याने बांधलेला असे आणि थांबण्याआधी हाताने पट्टा सैल करावा लागे. स्कीइंगची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी खीळ, बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने तीच करामत पायडलला लावली. बुटाच्या तळव्यातली क्लीट पायडलमध्ये खटकन बसते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने 1985 ची टूर याच पायडलवर जिंकली आणि पट्टे हळूहळू इतिहासजमा झाले. या पायडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात, कारण ‘क्लिप’ हे त्या जुन्या पिंजऱ्याचं नाव होतं. क्लिप होऊन बसायचं आणि त्याला क्लिपलेस म्हणायचं, हा घोळ तिथूनच आला.

पडण्याचं कारण बहुधा एकच असतं. माणूस आधी थांबतो आणि मग पाय सोडवायला जातो. सवयीने तो पाय वर ओढतो, क्लीट मात्र फक्त टाच वळवल्यावर सुटते. थांबण्याच्या दहा-पंधरा मीटर आधीच डावा पाय सोडवून ठेवायचा आणि वजन डावीकडे झुकवायचं. सुरुवातीला पायडलच्या मागचा स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण सैल ठेवावा. क्लीटच्या रंगाचा सापळा तर भल्याभल्यांना लागतो. लुकच्या क्लीटमध्ये काळी म्हणजे पाय जराही न हलणारी, करडी 4.5 अंश आणि लाल 9 अंश हलू देणारी. शिमानो या दुसऱ्या कंपनीत पिवळी 6 अंश, निळी 2 अंश आणि लाल शून्य. ‘लाल क्लीट सोपी असते’ हे ऐकून शिमानोची लाल घेतलेल्या माणसाचे गुडघे दोन आठवड्यांत बोलू लागतात.

आता घोळक्यात चालवण्याचे नियम. हे मुख्यतः ब्रिटनमध्ये मुरले. तिथल्या पहिल्या क्लबांत, उंच चाकाच्या सायकलींच्या काळात, एक कॅप्टन असे आणि चढा-उतराचे इशारे द्यायला बिगुलवाला असे. आजच्या ‘खड्डा!’, ‘ब्रेकर!’, ‘मागून गाडी!’ या हाकांचा तो पणजोबा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिसांच्या आणि घोडागाडीवाल्यांच्या रोषाला घाबरून तिथल्या राष्ट्रीय संघटनेने उघड्या रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींवर बंदी घातली. त्यातून वाट काढत 1895 मध्ये फ्रेडरिक बिडलेक यांच्या पुढाकाराने नॉर्थ रोड क्लबने 50 मैलांची टाइम ट्रायल घेतली. एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचं, म्हणजे ती शर्यत वाटणारच नाही. पुढे कित्येक वर्षं स्पर्धक पहाटे, गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून धावत आणि मार्गाचं नाव सांकेतिक अक्षरांत लिहिलं जाई. ती अक्षरं आजही वापरतात. जून 1942 मध्ये पर्सी स्टॅलार्ड यांनी लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामूहिक शर्यत घेऊन बंदी मोडली आणि त्यांना संघटनेतून बाहेर काढण्यात आलं. सायकलवाल्यांनी रस्त्यावर लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये, दोन-दोनच्या ओळीत शिस्तीत जावं, कॅप्टनचं ऐकावं, ही वृत्ती या दडपणाखाली पक्की झाली.

पण यातले बरेच नियम पोलिस नसते तरी आलेच असते, कारण ते भौतिकशास्त्राचे आहेत. आइंडहोवेनमधल्या बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने 2018 मध्ये 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचं गणित मांडलं. त्यात मधल्या जागी हवेचा रोध एकट्या स्वाराच्या 5 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरलेला दिसला. रविवारच्या आठ-दहा जणांत इतकं मिळत नाही, तरी मागच्याची मेहनत चांगलीच वाचते. म्हणून सगळे चिकटून चालवतात, आणि चिकटलं की चूक महाग पडते.

पहिली चूक चाकं ओव्हरलॅप करण्याची. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक नेलं आणि तो जरा बाजूला सरकला, तर पडतो तो मागचा. सायकलचा तोल हँडलच्या बारीक हालचालींवर टिकतो. पुढचं चाक अडलं की ती हालचालच बंद होते. पुढच्याला बहुतेक वेळा काही होत नाही, तो मागे वळून विचारतो, काय झालं? दुसरी चूक उभं राहण्याची. चढावर सीटवरून उठताना पायडलवरचा दाब क्षणभर सुटतो आणि सायकल हातभर मागे आल्यासारखी होते. ज्याचं पायडल वरून खाली जात असतं त्याच पायावर जोर देत उठायचं, म्हणजे हे टळतं. तिसरी चूक शूरपणाची. पुढे जाण्याची पाळी आली की नवखा ताशी तीन-चार किलोमीटरने वेग वाढवतो आणि ओळ तुटते. आपल्या आधीच्याचा वेग मीटरवर बघून तोच धरायचा, दमलं तर एका मिनिटात बाजूला व्हायचं. शेजारच्यापेक्षा सतत अर्धं चाक पुढे राहण्याची खोडही याच जातीची. तिला इंग्रज क्लबवाले ‘हाफ-व्हीलिंग’ म्हणतात, आणि ती पंधरा वर्षं सायकल चालवणाऱ्यांतही आढळते. वेग कमी करायचा झाला तर ब्रेकआधी थोडं ताठ बसून छातीवर वारा घ्यावा.

युरोपातले व्हिडिओ बघून इशारे शिकणाऱ्यांना आपल्याकडे एक खास धोका आहे. ब्रिटनसारखे मोजके देश सोडले तर तिथे वाहतूक उजवीकडून चालते. कडेला गाडी उभी असेल तर तिथला स्वार उजवा हात पाठीमागे नेऊन डावीकडे सरका असं दाखवतो. तो इशारा जसाच्या तसा महाराष्ट्रात केला, तर मागचे थेट उभ्या ट्रककडे वळतील. इथे डावा हात मागे न्यायचा आणि उजवीकडे खूण करायची. ब्रेकचंही तेच. युरोपातून किंवा अमेरिकेतून आलेल्या सायकलला पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो आणि आपल्या हाताला मोटरसायकलमुळे तो उजवीकडे असायची सवय. सायकल घेतल्याच दिवशी दुकानात अदलाबदल करून घ्यावी.

घोळक्यात एरोबारवर, म्हणजे हँडलला पुढे जोडलेल्या, कोपरं टेकवायच्या दांड्यांवर, झोपून चालवणं हेही तसंच धोक्याचं. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमंडने 1989 ची टूर शेवटच्या 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये या बारच्या मदतीने 8 सेकंदांनी जिंकली, पण तेव्हा तो एकटा होता. एरोबारवर हात ब्रेकपासून लांब असतात.

राहिली तिसरी परंपरा, स्वावलंबनाची. 1913 च्या टूरमध्ये तूरमाले या घाटाच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफ या स्वाराचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मोडला. बाहेरची मदत घ्यायला बंदी असल्याने तो सायकल खांद्यावर घेऊन सुमारे 14 किलोमीटर चालला, गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क सांधला, आणि भाता चालवायला एका मुलाने हात लावला म्हणून त्याला वर दंड झाला. 1919 मध्ये पहिली पिवळी जर्सी त्यालाच मिळाली, आणि त्याच टूरमध्ये फोर्क पुन्हा मोडला. व्यावसायिक शर्यतींनी पुढे हा कडकपणा सोडला, मागे संघाची मोटार आली. लांब पल्ल्याच्या हौशी सायकलिंगने मात्र तो जपला. 1897 मध्ये बारा इटालियन स्वार एका दिवसात रोम ते नेपल्स, 230 किलोमीटर गेले. त्यातून ‘ऑडॅक्स’ हे नाव आणि पुढे फ्रान्समध्ये ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पार करण्याचा उपक्रम, आलं. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरहून आज होणाऱ्या ब्रेव्हेंना तेच नियम लागतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला 40 तास, रात्री दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं, आणि कंट्रोल, म्हणजे ठरवून दिलेले तपासणीचे थांबे, सोडून वाटेत कुठेही वैयक्तिक मदत नाही.

सीटखालच्या पिशवीवरून जी थट्टा होते, ती या दोन परंपरांच्या गोंधळातून. व्यावसायिकाच्या सायकलला पिशवी नसते, कारण त्याच्यामागे मोटार असते. तुमच्यामागे नाही. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, पंप, चेनची क्विकलिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) एवढं हवंच, आणि ते दिसायला वाईट दिसलं तर दिसू द्यावं.

टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हसमोर आणून टायर बसवण्याचा नियम मात्र नुसता नखरा वाटतो आणि खूप कामाचा असतो. पंक्चर झालेली ट्यूब बाहेर काढून हवा भरायची, भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघायचं आणि नावाच्या आधाराने टायरवर तेवढ्याच अंतरावर शोधायचं. ट्यूब कोणत्या बाजूने वळली होती हे लक्षात नसेल तर दोन्हीकडे बघायचं. बाभळीचा काटा बोटाला सहज लागतो, पण हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून आलेली केसासारखी तार लागत नाही. आतून रुमाल फिरवला की धागा अडकतो, आणि तार तिथेच असते. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब टाकली, तर दोनशे मीटरवर दुसरी ट्यूबही गेली.