धावपट्टीवरची विमानं आणि माझी उशी

पहाटे पाचच्या सुमारास मी उजव्या कुशीवर वळलो आणि खोली फिरायला लागली. डोकं नव्हे, खोली. पंखा, खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं एकाच बाजूला वाहत चाललेलं. मी पलंगाची कड घट्ट धरून पडून राहिलो. अर्ध्या मिनिटात जो तो आपापल्या जागी परतला.

"पित्त असणार," म्हणत आईनं आल्याचा तुकडा हातावर ठेवला. बायकोचं निदान वेगळं होतं. "अहो, मान दाखवून घ्या. टेम्पो विसरलात का?"

टेम्पो विसरण्यासारखा नव्हताच. तीन आठवड्यांपूर्वी कराडहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपला, पुढच्या वळणावर समोरची गाडी थांबली, मी थांबलो, मागचा टेम्पो मात्र थांबला नाही. मान आधी मागे गेली, मग पुढे. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं आणि गळ्यात पट्टा आला. आता चक्कर म्हटल्यावर तोच एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला गेला. "मणक्यात गॅप कमी झालीय. पट्टा अजून महिनाभर ठेवा," डॉक्टर म्हणाले.

चाळिशी उलटलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसतेच. त्यातल्या कित्येकांना कधी चक्कर आलेली नसते. पण फोटोत दिसणारी गोष्ट गुन्हेगार ठरवणं सोपं, आणि आतला कान एक्स-रेत दिसत नाही.

खरं तर मराठी माणसाला हे निदान डॉक्टरांपेक्षा आधी जमायला हवं, इतके शब्द आपल्याकडे आहेत. उठताना डोळ्यांपुढे येते ती अंधारी. शुद्ध जातेय असं वाटतं ती भोवळ. चालताना जातो तो झोक. आणि आजूबाजूचं गरगर फिरतं ती खरी चक्कर. अंधारी बहुतेकदा रक्तदाबाची, गरगर बहुतेकदा कानाची. दवाखान्यात गेल्यावर मात्र आपण सगळ्याला एकच सांगतो, "चक्कर येते."

महिना संपायच्या आत मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी मान कुठवर वळते ते पाहिलं, एक्स-रे पुन्हा तपासला, हातापायांत मुंग्या येतात का विचारलं. मग मला टेबलावर लांब पाय करून बसवलं, डोकं उजवीकडे ४५ अंश वळवलं आणि झटकन आडवं केलं. डोकं टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबतं. "डोळे मिटू नका. मिटलेत तर मला काय दिसणार?" दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग पुन्हा ती खोली. त्यांनी मोबाइलवर टिपलेले माझे डोळे मी नंतर पाहिले. बुबुळं एखाद्या खिळ्याभोवती फिरल्यासारखी वळत होती, झटके देत होती, आणि हळूहळू शांत झाली. १९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी सांगितलेली ही तपासणी. तिला ना यंत्र लागतं, ना वीज.

आत घडतं ते समजायला चहाचा कप पुरतो. साय आलेला चहा घ्या आणि कप जागच्या जागी झटकन फिरवा. कप फिरतो, साय जागेवर. फिरवत राहिलात तर थोड्या वेळानं सायही कपाबरोबर फिरायला लागते. आता कप थांबवा, साय फिरतच राहते. दोन्ही कानांत अशा तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांत द्रव आहे आणि द्रवाच्या वाटेत एक लवचीक पडदा. द्रव मागे राहिला की पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो, 'डोकं फिरतंय.' शेजारच्या दोन पिशव्यांत गुरुत्वाकर्षण ओळखणारे कण चिकटलेले असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे अंड्याचं टरफल ज्याचं असतं त्याचेच. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. डोक्याला झटका बसला, वय झालं किंवा काहीही कारण नसलं तरी यातले काही सुटतात आणि मागच्या नळीत घरंगळतात. मग कुशीवर वळलं की ते नळीत सरकतात, द्रव ओढतात, आणि डोकं थांबलं तरी पडदा वाकलेलाच. टेम्पोनं मानेला हिसडा दिला तेव्हा तोच हिसडा डोक्यालाही बसला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

उपायही पडल्यापडल्याच झाला. डोकं उजवीकडून डावीकडे, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबायचं. कण नळीतून घरंगळत परत पिशवीत. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. आधी त्यांच्यावर अविश्वास दाखवणारे पुष्कळ होते. इतक्या सोप्या गोष्टीवर विश्वास बसणं अवघडच. (मानेला मार लागला असेल तर मोबाइलवर बघून घरी हा प्रयोग करू नका. आधी मान तपासून घ्या. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं किंवा मानेत कधी नव्हती अशी तीव्र कळ आली, तर थेट मोठं हॉस्पिटल.)

आमच्या गच्चीवरून कराडजवळच्या वारुंजीच्या धावपट्टीवरची सरावाची छोटी विमानं दिसतात. पट्टा लावून मान वळत नव्हती, तेव्हा अख्खं अंग वळवून मी ती पाहत बसायचो. ती उडवायला शिकणाऱ्या पोरांच्या कानातही तीच साय आहे. विमान एकाच वेगानं वळत राहिलं की दहा-वीस सेकंदांत द्रव नळीबरोबर फिरायला लागतो आणि कान सांगतो, 'आपण सरळ चाललोय.' मग वैमानिकानं विमान खरोखर सरळ केलं की कान ओरडतो, 'उलटं वळलो!' दिवसा, क्षितिज समोर असताना डोळे कानाला गप्प करतात. ढगात ते जमत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २० शिकाऊंना, उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसताना, बाहेरचं दिसणार नाही अशा परिस्थितीत उडवून पाहिलं. विमान ताब्याबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. एकाचं तर २० सेकंदांतच.

म्हणून वैमानिकाला शिकवतात की कानावर नको, काट्यावर विश्वास ठेव. पण काटाही खोटं बोलू शकतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत समुद्रात कोसळलं आणि २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण उजवीकडे झुकलेलंच दाखवत राहिलं आणि त्यांनी विमान डावीकडे झुकवत नेलं. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ. कॉकपिटमध्ये नीट चालणारी दुसरी उपकरणं होती. बिघडलेलं कोणतं हे ओळखायला काही सेकंदच मिळाले.

मान अगदीच निर्दोष आहे असंही नाही. कवटीच्या तळाशी असलेल्या छोट्या स्नायूंत ताण मोजणारे संवेदक दाटीनं भरलेले असतात. धडाच्या मानानं डोकं कुठे वळलंय हे मेंदूला तेच कळवतात. फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसा, डोकं कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि खाली अंग फिरवा. कान गप्प असतात, तरी वळल्याचं कळतं. लढाऊ वैमानिकाचं डोकं हेल्मेटसह साडेसहा किलो धरलं, तर ७ जी च्या, म्हणजे वजन सातपट भासतं अशा, वळणात ते पंचेचाळीस किलोचं होतं. आपल्या कारखान्यातलं साखरेचं पोतं ५० किलोचं. ते मानेवर घेऊन मागे वळून बघायचं!

मार लागलेल्या मानेचे निरोप चुकायला लागले की खोली फिरत नाही, पण गादीवरून चालल्यासारखं होतं. त्यासाठी एकच अशी पक्की तपासणी नाही. बाकी सगळं वगळून मग मानेवर यायचं असतं, आणि आपण सुरुवातच मानेपासून करतो. माझी गरगर थांबल्यावरही हा झोक उरला होता. फिजिओथेरपिस्टनं कपाळावर लेझर बांधलं, भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसवलं. डोळे मिटून मान वळवायची आणि परत मध्यावर आणायची. ठिपका सात सेंटिमीटरच्या आत आला तर ठीक. माझा दहावर. रोज सराव करून तो आता चारवर आलाय, डावीकडे अजून घसरतो. त्यांनी पट्टा पहिल्याच दिवशी काढायला लावला. गप्प बसवलेल्या मानेला परत शहाणं कसं करणार?

पट्टा कपाटात पडून होता. परवा शेजारचे तात्या तो मागायला आले. "चक्कर येतीया रं, डॉक्टर म्हणत्यात मान हाय."

"तात्या, चालताना येते, का कुशीवर वळल्यावर?"

तात्यांनी जरा विचार केला. "डाव्या कुशीला वळलं की. उजवीकडं काय न्हाय."