गेम स्ट्रीमिंग : विलंब आणि चित्राचा दर्जा

गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि त्याचे चित्र व्हिडिओच्या रूपात खेळणाऱ्याच्या पडद्यावर येते, या पद्धतीला गेम स्ट्रीमिंग किंवा क्लाउड गेमिंग म्हणतात. चित्रपट पाहताना पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे इंटरनेट मध्येच अडखळले तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. गेममध्ये ही सोय नाही. पुढची फ्रेम (व्हिडिओतले एकेक स्थिर चित्र) कशी असेल हे अजून न दाबलेल्या बटणावर ठरते, त्यामुळे साठवायला ती तयारच नसते. या क्षेत्रातल्या जवळपास सगळ्या तांत्रिक युक्त्यांचे मूळ या एका अडचणीत आहे.

विलंब कुठे कुठे लागतो

उडीचे बटण दाबले की तो संकेत कंट्रोलरकडून घरातल्या यंत्राकडे आणि तिथून सर्व्हरकडे जातो. सर्व्हरवरचा गेम सेकंदाला ६० फ्रेम काढत असेल तर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद लागतात. संकेत नुकत्याच सुरू झालेल्या फ्रेमनंतर पोहोचला, तर त्याला पुढच्या फ्रेमपर्यंत थांबावे लागते. मग चित्र तयार होणे, एन्कोडरने ते दाबून लहान करणे, परतीचा प्रवास, डीकोडिंग (दाबलेले चित्र पुन्हा उलगडणे) आणि शेवटी पडदा ताजा होण्याची वाट. पिंग, म्हणजे संकेत सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंद दिसते म्हणून एकूण विलंबही तेवढाच, असे धरून चालणे म्हणूनच चूक आहे.

अंतराला मात्र इलाज नाही. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद जाणारच. डेटा सेंटर जवळ आणणे एवढाच मार्ग उरतो. उलट सर्व्हरवर १२० फ्रेमने गेम चालवला की एका फ्रेमचा वेळ ८.३ मिलिसेकंदांवर येतो, आणि वर सांगितलेल्या टप्प्यांपैकी कित्येक टप्प्यांवर बचत होते. टीव्हीवर खेळणाऱ्यांनी ‘गेम मोड’ चालू करायलाच हवा. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही स्वतःच बराच वेळ खातो आणि दोष इंटरनेटला दिला जातो.

खरा शत्रू : रांग

सरासरी वेगापेक्षा जास्त त्रास देते ती विलंबातली चढउतार, म्हणजे जिटर. घरात कोणीतरी फोटोंचा बॅकअप सुरू करते, राउटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागते, आणि बटणाचा तो इवलासा संकेत त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. स्पीड टेस्ट उत्तम, तरी गेम खेळवत नाही, असे होते ते यामुळे. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. त्यावरचा ‘एफक्यू-कोडेल’ हा रांग-नियंत्रणाचा उपाय २०१८ मध्ये आरएफसी ८२९० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) म्हणून नोंदला गेला. तो राउटरमध्ये असेल तर जरूर चालू करावा. महागडा प्लॅन घेण्याआधी हे करून पाहणे जास्त शहाणपणाचे. वायफायपेक्षा केबल बरी, तीही याच कारणासाठी: हवेत पॅकेट हरवते, पुन्हा पाठवावे लागते आणि लय बिघडते.

सेवा देणारी बाजूही रांग वाढण्यावर लक्ष ठेवते. पॅकेट हरवू लागण्याची वाट न पाहता, ते उशिरा येऊ लागताच बिटरेट (व्हिडिओसाठी दर सेकंदाला पाठवली जाणारी माहिती) कमी केला जातो.

चित्र टिकवण्याची कसरत

१०८० पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने, न दाबता पाठवायचे तर साधारण ३ गिगाबिट प्रति सेकंद लागतील. प्रत्यक्षात ते २५ मेगाबिटच्या आसपास बसवले जाते, म्हणजे सुमारे १२० पट लहान करून. चित्रपटाचा एन्कोडर पुढच्या फ्रेम पाहून मागची फ्रेम स्वस्तात रचू शकतो. अशा दुतर्फा फ्रेमना बी-फ्रेम म्हणतात. गेममध्ये पुढची फ्रेम येईपर्यंत थांबणे म्हणजेच विलंब, म्हणून बी-फ्रेम सहसा वापरत नाहीत. तेवढ्याच बिटरेटमध्ये गेमचे चित्र चित्रपटापेक्षा कच्चे दिसते, त्याचे हे एक मोठे कारण.

दुसरी पंचाईत आय-फ्रेमची. ती स्वयंपूर्ण असते, म्हणजे दुसऱ्या फ्रेमवर अवलंबून नसते, पण आकाराने बरीच मोठी. ती आली की रांग लागते. म्हणून पूर्ण आय-फ्रेम न पाठवता चित्राचा एकेक पट्टा क्रमाने ताजा करत नेतात. पॅकेट हरवल्यास खेळाडूकडचे सॉफ्टवेअर नेमकी कोणती फ्रेम बिघडली ते कळवते आणि एन्कोडर पुढची फ्रेम शेवटच्या चांगल्या फ्रेमवर बेततो. हरवलेले पुन्हा मागवण्याइतका वेळ बहुधा नसतोच. म्हणून वाहतूक यूडीपीवरून (हरवलेले पॅकेट आपोआप पुन्हा न पाठवणारी पद्धत) होते आणि थोडी जादा दुरुस्ती-माहिती सोबत दिली जाते.

गवतातून धावणारे पात्र, कोसळणारा पाऊस, उडणारा धुरळा ही एन्कोडरची कठीण परीक्षा. चित्राचे चौकोनी तुकडे पडतात ते इथे. अंधाऱ्या दृश्यात पट्टे उमटतात, तिथे १०-बिट रंग (ज्यात छटा जास्त बारीक असतात) उपयोगी पडतात. ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती कमी ठेवली जाते, त्यामुळे बारीक लाल अक्षरे पुसट होतात. बँडविड्थ घटली की रिझोल्यूशन उतरवणे हेच योग्य: स्वच्छ १०८० पी हे तुकडे पडलेल्या ४-केपेक्षा केव्हाही खेळण्याजोगे असते. एव्ही-१ या कोडेकने (व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याची पद्धत) जुन्या एच.२६४ च्या तुलनेत बिटरेटची मोठी बचत केली, मात्र डीकोडर हार्डवेअरमध्ये असेल तरच ती विलंब न वाढवता मिळते.

प्रयत्नांचा इतिहास

२०१० मध्ये सुरू झालेली ऑनलाइव्ह ही सेवा २०१५ मध्ये बंद पडली. गुगलची स्टेडिया २०१९ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबली; अपेक्षित वापरकर्ते मिळाले नाहीत, असे कंपनीने सांगितले. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०१५ मध्ये मांडलेली ‘आउटाटाइम’ ही पद्धत वेगळ्याच दिशेची. खेळाडू पुढे काय करील याचा अंदाज बांधून सर्व्हर संभाव्य फ्रेम आधीच काढून पाठवतो आणि प्रत्यक्ष बटणाशी जुळणारी फ्रेम खेळाडूकडे दाखवली जाते. १२० मिलिसेकंदांपर्यंतचा नेटवर्क विलंब तिने झाकून दाखवला. बदल्यात सर्व्हरचे काम आणि बँडविड्थ दोन्ही वाढतात.